शुगर, बीपी, दमा घेऊन कारखान्यात रुजू होताना : गोव्यातल्या नव्या कामगारांसाठी

नोकरीच्या कागदांत मेडिकलचा एक फॉर्म असतो. 'मधुमेह, रक्तदाब, दमा, फिट, हृदयविकार यांपैकी काही आहे का?' समोर 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. पेडण्याहून, सत्तरीहून नाहीतर बांद्या-सावंतवाडीहून वेर्ण्यात किंवा कुंडईत पहिल्यांदा कामाला लागणारा माणूस डोळे मिटून 'नाही'वर खूण करतो. मीही केली होती. शुगर तीन वर्षांपासून होती, पण आधीच ठेकेदाराकडची नोकरी, त्यात कशाला वाच्यता?

मग एक थर्ड शिफ्ट. गोळ्यांच्या ब्लिस्टर पॅकिंगचं मशीन, पहाटेचे तीन वाजून गेलेले. फॉइलचा रोल संपला म्हणून नवा चढवायला घेतला. फॉइल रोलरांमधून ओवायची, हाताच्या सवयीचं काम. त्या रात्री मला फॉइलचं टोकच सापडेना. एसी असा की बाकीचे कुडकुडत होते आणि माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ. शेजारच्या लाइनवरचा बांद्याचा मुलगा म्हणाला, "अण्णा, तुमका बरा वाटत नाय काय?" मी त्याच्यावरच खेकसलो. (विनाकारण चिडणं हेही शुगर उतरल्याचं लक्षण असतं, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं.) त्या पोराने वाद न घालता लाल बटण दाबलं आणि मला बाहेर नेलं. सीलिंगची प्लेट तेव्हा तापलेली होती आणि माझा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर होता.

तेव्हापासून नवीन मुलं लाइनवर आली की मी त्यांना जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितो आहे. औषधाचा डोस मात्र तुमचा डॉक्टर ठरवेल, मी नाही.

पहिली पायरी : आजार अचानक येणारा की हळूहळू पोखरणारा, ते ओळखा

आजाराचं नाव काय, यापेक्षा तो कामावर असताना काय करू शकतो हे महत्त्वाचं. एक वही घ्या आणि दोन रकाने करा.

पहिल्या रकान्यात अचानक होणाऱ्या गोष्टी : शुगर उतरणं, फिट येणं, दम्याचा झटका, उभं राहताना चक्कर, छातीत दुखणं. यांचा संबंध चार गोष्टींशी येतो : फिरतं मशीन, उंची, चाक आणि एकटेपण. शुगर उतरण्याची पंधरा मिनिटं ऑफिसात खुर्चीवर गेली तर एक चहा-बिस्किट लागतं. तीच पंधरा मिनिटं मांडवीकाठच्या शिपयार्डात परांचीवर, म्हणजे मचाणावर, किंवा फोर्कलिफ्टच्या सीटवर आली तर हिशेब वेगळा.

दुसऱ्या रकान्यात हळूहळू होणाऱ्या गोष्टी : तळपायाची संवेदना जाणं, रात्री कमी दिसणं, जखम लवकर न भरणं, पायांना सूज. यांचा संबंध बुटांशी, उजेडाशी आणि लहानसहान कापण्या-खरचटण्याशी. बरीच वर्षं मधुमेह असलेल्याला सेफ्टी शूजमध्ये खडा गेलेला कळत नाही. आठ तास तो खडा घासतो आणि घरी गेल्यावर मोजा ओला दिसतो तो घामाने नव्हे. म्हणून बूट घालण्याआधी उलटा करून आपटायचा, आत हात फिरवायचा. दोन मिनिटांचं काम, पण आमच्या प्लांटमध्ये ते करणारे मी बोटांवर मोजलेत.

फिट येणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. वाहन परवान्याच्या आरोग्याच्या फॉर्मवरच फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याविषयी प्रश्न असतो. फोर्कलिफ्ट, क्रेन, उंचीवरचं काम आणि टाकीत उतरण्याचं काम मागू नका, दिलं तर घेऊ नका. पॅकिंग, लेबलिंग, स्टोअर, दस्तऐवज अशी कामं कारखान्यात भरपूर असतात.

दुसरी पायरी : गोळ्यांची पट्टी घेऊन बसा

गोळ्या सगळ्या सारख्या नसतात. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर धोकादायक उतरण्याची शक्यता फार कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन असेल तर जेवण लांबलं की शुगर उतरू शकते. तुमच्या गोळीत यांपैकी काय आहे ते पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. बऱ्याचदा एकाच गोळीत दोन औषधं असतात, म्हणून नीट वाचा. मोबाइलवर फोटो काढून मोठा करा.

रक्तदाबाच्या गोळ्यांचे आणखी प्रकार. लघवी वाढवणारी गोळी असेल तर भट्टीजवळ, बॉयलर हाऊसमध्ये शरीरातलं पाणी आणखी वेगाने जातं. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या नाडी मंद ठेवतात. त्यामुळे शुगर उतरल्यावर जी धडधड आणि थरथर व्हायची ती नीट जाणवत नाही, घाम तेवढा सुटतो. दोन्ही आजार असलेल्याने घामाची खूण लक्षात ठेवावी. अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात, उभ्याने काम करणाऱ्याला ते आधी बुटाच्या नाडीवरून कळतं.

आता ज्या गोळ्यांना कोणी औषध मानतच नाही त्या. सर्दीची गोळी, खोकल्याचं औषध यांतल्या कित्येकांनी गुंगी येते. मशीनवर जायच्या आधी ती घेणं आणि झोप न झालेल्या अवस्थेत जाणं यात फारसा फरक नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनी बीपीही वाढतं. आणि कंबरदुखीवरची डायक्लोफेनॅक! ड्रम उचलून कंबर धरली की बाजूचा माणूस खिशातून काढून देतो, गुटख्याच्या पुडीसारखी. बीपी आणि शुगर असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला रोजची ही गोळी सोसत नाही, बीपीही चढतं. कंबर दुखत असेल तर ती ओएचसीत, म्हणजे कारखान्यातल्या आरोग्य केंद्रात, नोंदवा. नोंद असली की ड्रम-लिफ्टर मागता येतो.

तिसरी पायरी : औषधाचं घड्याळ शिफ्टला जुळवून घ्या

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबतो.

डॉक्टरने कागदावर लिहिलेलं असतं 'सकाळी – रात्री, जेवणाआधी'. तुमची फर्स्ट शिफ्ट. कंपनीची बस गावातून पहाटे पाचच्या सुमाराला निघते. तुम्ही साडेचारला उठता, गोळी घेता, चहा पिता आणि बसमध्ये झोपता. खाणं थेट नाश्त्याच्या सुट्टीत. मधले चार तास गोळी एकटीच काम करते. पुढच्या आठवड्यात थर्ड शिफ्ट : 'रात्री'ची गोळी कामावर जाताना घ्यायची की सकाळी परतल्यावर झोपताना? कागद काहीच सांगत नाही.

उपाय साधा आहे. डॉक्टरकडे जाताना शिफ्टचं वेळापत्रक घेऊन जा. फर्स्ट, सेकंड, थर्ड, प्रत्येकासाठी किती वाजता उठतो, बस किती वाजता, खायची सुट्टी किती वाजता, झोप किती वाजता, हे एका कागदावर लिहा आणि त्यांच्यापुढे ठेवा. "डॉक्टर, मी शिफ्टात आहे, तिन्ही शिफ्टांसाठी वेगवेगळं लिहून द्या." तुम्ही सांगितलं नाही तर सगळे ऑफिसवालेच असं त्यांनी धरणं स्वाभाविक आहे. गोळी बदलून अशी देता येते की जेवण लांबलं तरी शुगर उतरणार नाही, हेही तेव्हाच निघतं.

दुसरं, खाणं. गोव्यात सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज प्यायची पद्धत शहाण्या माणसांनी घातली असावी. कँटीनच्या पाव-भाजीपेक्षा घरून आणलेली पेज आणि सोबत मूठभर उसळ जास्त वेळ टिकते. थर्ड शिफ्टला जाताना पोटभर शीत-कडी जेवून गेलात की अकराला झोप आणि तीनला भूक. त्याऐवजी थोडं आधी आणि थोडं मधल्या सुट्टीत. सलग पाच तासांहून जास्त काम नको आणि मध्ये किमान अर्ध्या तासाची सुट्टी हवी, हे १९४८च्या कारखाना कायद्यापासून चालत आलं आहे. ती सुट्टी ओटीच्या, म्हणजे ओव्हरटाइमच्या, नादात विकू नका.

उपवासाचंही आधीच बोलतो. श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. आमच्याकडे निम्मी लाइन उपवासाला असते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असाल तर उपवासाच्या दिवशी डोस काय, हे आठवडाभर आधी विचारून घ्या. गोळी मनानेच चुकवणं आणि गोळी घेऊन उपाशी राहणं, दोन्ही मी पाहिलंय आणि दुसऱ्याचा शेवट फर्स्ट-एड रूममध्ये झाला. देव समजून घेतो, मशीन नाही. मार्च ते मे दरम्यान हुर्राकाचे दिवस. रात्री उपाशीपोटी दोन ग्लास हुर्राक किंवा फेणी घेतली तर शुगर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत केव्हाही उतरू शकते, म्हणजे नेमकी फर्स्ट शिफ्टमध्ये.

औषध कंपनीत, अन्न प्रक्रियेत आणखी एक अडचण. उत्पादन विभागात खायचं काहीही नेता येत नाही, आतल्या गाऊनला खिसाही नसतो. माझ्या वेळी टोपी, मास्क, गाऊन, बूट-कव्हर काढून बाहेर येईपर्यंत पाच मिनिटं गेली होती आणि बाहेर आल्यावर साखर शोधण्यात आणखी तीन. म्हणून आत जाण्याआधी लॉकरजवळच ग्लुकोमीटरवर शुगर बघा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तरी हा नेमच करावा. ९०च्या खाली असेल तर आधी खा, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा बघा, मगच गाऊन चढवा. ग्लुकोजची पुडी चेंज रूमच्या बाहेर ठराविक जागी ठेवायला सुपरवायझरची परवानगी मागा. आमच्याकडे ती आता भिंतीवरच्या डब्यात असते, आणि मजा म्हणजे डबा ठेवल्यावर कळलं की शुगरवाले आम्ही दोघे नव्हतो, सात जण होतो.

इन्सुलिनचं पेन मे महिन्यात बाइकच्या डिकीत किंवा पत्र्याच्या शेडमधल्या लॉकरमध्ये ठेवू नका. न उघडलेलं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, वापरातलं ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं. ओएचसीच्या फ्रिजमध्ये जागा मागा.

चौथी पायरी : कोणाला किती सांगायचं

सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. मी तीन पातळ्या धरतो.

कंपनीच्या डॉक्टरला संपूर्ण : आजार, गोळ्या, मागे कधी शुगर उतरली, कधी फिट आली. घातक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामावर घेण्याआधी आणि नंतर दर १२ महिन्यांनी तपासणी व्हायला हवी, तिची नोंद मालकाने ठेवायला हवी, आणि ती नोंद तुम्हाला बघायला मिळायला हवी. तुम्ही ती तपासणी टाळली किंवा खोटं सांगितलं तर उद्या अपघातानंतर बोट तुमच्याकडेच दाखवलं जाईल. माझ्याकडे दाखवलं गेलं. 'फॉर्मवर नाही लिहिलंस ना' एवढ्या एका वाक्यावर माझं तीन महिन्यांचं प्रकरण चाललं. मशीनच्या गार्डचा इंटरलॉक (गार्ड उघडलं की मशीन आपोआप थांबवणारी सोय) बंद करून ठेवलेला होता, हा मुद्दा त्यात कुठल्या कुठे गेला.

सुपरवायझरला आजाराचं नाव नाही सांगितलं तरी चालेल, काय जमत नाही ते सांगा. "मला दर चार तासांनी खावं लागतं", "सलग दोन थर्ड शिफ्टनंतर ओटी जमणार नाही", "हाइटचं काम नको". शक्यतो डॉक्टरच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर 'मधुमेह' लिहिण्यापेक्षा 'उंचीवरील काम व एकट्याने काम टाळावे' असं लिहून घेतलेलं जास्त उपयोगी पडतं.

शेजारच्या माणसाला फक्त खूण सांगा : मी घामाघूम झालो, उगाच भांडायला लागलो, तर मशीन थांबव आणि मला गोड दे. मला कोणी वाचवलं असेल तर ते त्या बांद्याच्या पोराने, आणि त्याला तर मी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्याच्या आजोबांना शुगर होती म्हणून त्याला कळलं.

नोकरी जाईल ही भीती खोटी नाही. ठेकेदाराच्या माणसाला 'उद्यापासून येऊ नको' एवढं पुरतं. म्हणून क्रम असा ठेवा : आधी ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, नोंदणी पक्की, मग डॉक्टरची चिठ्ठी, मग बोलणं. तोवर मात्र उंचीवर चढू नका आणि एकट्याने मशीनवर थांबू नका. तो क्रम कशासाठी, ते खाली येतं.

पाचवी पायरी : जागा आणि ऋतू

दमा असेल तर मुलाखतीच्या वेळीच विचारा, काम कुठल्या विभागात. औषधांची भुकटी, वेल्डिंगचा धूर, पीयू (पॉलियुरेथेन) पेंट आणि फोम, काजूच्या टरफलाचा धूर, यांनी दमा उसळतो. कुंकळ्ळीच्या मासळीच्या कारखान्यांत कोल्ड स्टोअरची थंड हवा तेच करते. ओळखायची खूण : आठवडाभर खोकला आणि धाप वाढत जाते, रविवारी नाहीतर चतुर्थीच्या सुट्टीत गावी गेलात की बरं वाटतं, कामावर परतलात की पुन्हा सुरू. असं दिसलं तर दोन-तीन आठवडे पीक-फ्लो मीटरवर (फुंकीचा जोर मोजणारं छोटं यंत्र) रोज चार वेळा फुंकून आकडे लिहा, सुट्टीच्या दिवशीही. डॉक्टरला तोंडी तक्रारीपेक्षा तो कागद बोलतो. घट्ट बसणाऱ्या मास्कमधून श्वास ओढायला जास्त जोर लागतो, त्यामुळे दमा किंवा हृदयविकार असलेल्याने मास्क घालून काम करण्याआधी डॉक्टरचं मत घ्यावं. आणि दाढी वाढवून घातलेला तो मास्क निव्वळ शोभेचा.

उन्हाळ्यात गोव्यात पारा नागपूरसारखा चढत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्याने भट्टीच्या कामावर पहिले आठ-दहा दिवस वेळ हळूहळू वाढवत न्यावी. पाणी किती प्यायचं आणि सरबतात मीठ किती, हे मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरलाच विचारा, कोकमाचं सरबत सगळ्यांना सारखं मानवत नाही. पावसाळ्यात मधुमेह्यांनी मोज्यांचा दुसरा जोड पिशवीत ठेवावा. ओल्या मोज्यांत आठ तास म्हणजे चिखल्यांना आमंत्रण.

सहावी पायरी : ईएसआय समजून घ्या

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल (अपंगत्व असेल तर २५,०००) तर तुम्ही ईएसआयमध्ये येता. ही मर्यादा २०१७पासूनची. ओटीचे पैसे त्यात धरत नाहीत. तुमच्या पगारातून ०.७५ टक्का कापला जातो, मालक ३.२५ टक्के भरतो. पहिल्या पगारपत्रकावर ही कपात आणि तुमचा विमा क्रमांक बघा. कपात आहे पण क्रमांक नाही, असं दिसलं तर त्याच आठवड्यात एचआरकडे जा.

खासगी विम्यासारखी जुन्या आजाराची आडकाठी इथे नाही. शुगर आधीपासून असली तरी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तुम्हाला आणि कुटुंबाला उपचार मिळतात. मडगावला ईएसआयचं रुग्णालय आहे, बाकी ठिकाणी दवाखाने. कुटुंब गावी राहत असेल तर नोंदणी करताना तिकडचा पत्ता नोंदवा.

आजारपणाच्या रजेचे पैसे पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवस भरलेले हवेत. सुरुवातीचे दोन दिवस बहुधा मिळत नाहीत. कर्करोग, क्षयरोग, मूत्रपिंड निकामी होणं, मधुमेहाने पायाला किंवा डोळ्याच्या पडद्याला झालेली गंभीर इजा अशा ३४ आजारांच्या यादीतलं काही असेल आणि दोन वर्षं नोकरी झालेली असेल, तर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं. कामावर अपघात झाला तर वर्गणीच्या दिवसांची अट नाही, दर ९० टक्के. आणि आजारपणाचे हे पैसे चालू असताना तुम्हाला कामावरून काढता येत नाही. 'आधी ईएसआय' म्हणालो ते याचसाठी.

सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला गोव्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, त्यामुळे सिंधुदुर्गातून ये-जा करणाऱ्यांनी तिच्या भरवशावर राहू नये. कारखान्यातल्या सुरक्षिततेची तक्रार असेल तर पणजीत आल्तिनोला कारखाने व बाष्पक खात्याचं कार्यालय आहे. तिथे लेखी द्यावं आणि पोच घ्यावी.

सातवी पायरी : प्रत्यक्ष वेळ आली तर

शुगर उतरल्याची शंका आली की आधी मशीन बंद, मग माणूस बाजूला, मग साखर. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात किंवा तेवढं ग्लुकोज. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा लागते. पंधरा मिनिटांनी शुगर बघा, ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. सुधारल्यावर पोळी, पाव, बिस्किट काहीतरी खायला लावा आणि त्या शिफ्टला मशीनवर परत पाठवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नाही, कुशीवर वळवायचं.

फिट आली तर धरून ठेवू नका, तोंडात चमचा घालू नका, चप्पल-कांदा हुंगवणं सोडा. आजूबाजूच्या धारदार वस्तू हलवा, वेळ मोजा. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर १०८.

१०८ला फोन करताना 'वेर्णा इंडस्ट्रिअल इस्टेट' एवढं सांगून भागत नाही, तिथे चार फेज आहेत आणि रात्री सगळी गेटं सारखीच दिसतात. फेज, प्लॉट नंबर, जवळचं सर्कल, आणि कुठल्या गेटवर माणूस उभा राहील हे सांगा, मग खरोखर एकाला टॉर्च देऊन तिथे उभं करा. हे चार शब्द आमच्या फर्स्ट-एड पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने मार्करने लिहिलेले आहेत. तुमच्या पेटीवर नसतील तर रुजू झालेल्या आठवड्यातच लिहून टाका.